क्रोबॅकचं फाटक कोण लावतंय?

"थांबा! एक पाऊल पुढे टाकू नका!"

हेटीने करकचून ब्रेक दाबला. तिच्या मागे नेल, आणि नेलच्या मागे धापा टाकणारा रूफस. तिघांच्या सायकली एकमेकींवर आदळता आदळता वाचल्या. क्रोबॅक टेकडीच्या अर्ध्या वाटेवर, लाकडी फाटकापाशी, मिसेस प्रीस उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी आणि हातात जाडजूड साखळी. चेहरा असा, की रूफस आपसूकच हेटीच्या मागे सरकला.

"गुड मॉर्निंग, मिसेस प्रीस," हेटी म्हणाली.

"कसली गुड आणि कसली मॉर्निंग! ते बघा तिकडे."

कुंपणाच्या तारेपाशी एक मेंढी पडली होती. अंगावर पोतं टाकलेलं, पण काळे पाय बाहेर दिसत होते. नेलने मान फिरवली.

"तहानेने वेडी झाली बिचारी. वरच्या कुरणातला झरा आटलाय. पाण्याची डोणी आहे खालच्या कुरणात. म्हणून हे फाटक मी उघडं ठेवते, आकडा लावून, उन्हाळाभर! आणि कुणीतरी येतं आणि लावून जातं. मग मेंढ्या तारेतून घुसायला बघतात. ही अडकली, गळ्याला फास बसला."

"आम्ही नाही लावलं," नेल म्हणाली.

"मग कुणी, मेंढ्यांनी? या वाटेवर रोज येतं कोण? तुम्ही! चालणाऱ्यांना मी अडवू शकत नाही, पायवाट त्यांच्या हक्काची आहे. सायकलींचं तसं नाही. आमच्या ह्यांनी हौसेने परवानगी दिली होती, म्हणून तुम्ही येता." त्यांनी साखळी खळकन खाली टाकली. "पुढच्या रविवारी संध्याकाळपासून सायकलींना हा रस्ता बंद. आज जाताय तर जा."

त्या आपल्या चारचाकी मोटरसायकलवर बसल्या आणि धूळ उडवत निघूनही गेल्या.

तिघं नेच्यांच्या रानात जाऊन बसली. एरवी इथे बसलं की विनबेरी तोडून खायच्या आणि कुणाची जीभ जास्त जांभळी ते बघायचं, हा ठरलेला कार्यक्रम. आज कुणी बेरीकडे हात नेला नाही.

"दुसरा रस्ता शोधू," रूफस म्हणाला. तो हेटीचा मामेभाऊ, बर्मिंगहॅमहून सुट्टीला आलेला. वय अकरा, खेड्याचा अनुभव दोन आठवड्यांचा. "त्यात काय एवढं! मोठ्या रस्त्याने वळसा घालून..."

"रूफस, गप बस," हेटी म्हणाली.

"का? मी काय..."

"मला मोठ्या रस्त्यावर सायकल चालवायला परवानगी नाही," नेलने स्वतःच सांगितलं. "माझा उजवा कान जन्मापासून बंद आहे. मोटारीचा आवाज येतो मला, पण ती कुठून येतेय ते कळत नाही. पुढून, मागून, काहीच नाही! एकदा दुधाच्या गाडीखाली येता येता वाचले. तेव्हापासून आईने शपथ घातली."

रूफसने वळून तिच्या उजव्या कानाकडे पाहिलं.

"आमच्या घराच्या मागच्या दारातून ही वाट सुरू होते," नेल सांगत होती. "प्रीसांचं कुरण, मग टेकडीचा माथा, मग पलीकडच्या पाइनच्या जंगलातून सुसाट उतार आणि ओढ्याकाठून परत घरी. अकरा मैल, आणि एकही मोटार नाही! मी एकटी जाऊ शकते अशी जगात ही एकच वाट आहे. ती बंद झाली तर सायकल विकून टाकलेली बरी."

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला.

"विकतेय कशाला!" हेटी ताडकन उठली. तेरा वर्षांची हेटी गॉफ उठून उभी राहिली की समजायचं, आता हुकूम सुटणार. "एक आठवडा आहे आपल्याकडे. फाटक कोण लावतं ते शोधून काढायचं! रूफस, तू पहारेकरी. नेल, तू डोकं चालव. मी प्रमुख."

"तूच का प्रमुख?" रूफसने विचारलं.

"कारण सँडविच माझ्याकडे आहेत."

रूफसने लगेच सलाम ठोकला.

सोमवारी सकाळी सहाला तिघं फाटकाजवळच्या झुडपांमागे हजर! सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी एक कोल्हा आला. त्याने फाटकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बुधवारी रूफसला मुंग्या चावल्या. फाटक आपलं उघडंच. मेंढ्या मजेत खाली जात होत्या, पाणी पीत होत्या, वर येत होत्या.

"आपण बसलोय म्हणून चोर येत नाही," हेटीने जाहीर केलं.

"की चोर आहेच आपल्यातला," रूफस पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही. मुंगी चावली."

गुरुवारी नेलने वेगळंच ठरवलं. ती एकटीच मिसेस प्रीसच्या घरी गेली आणि स्वयंपाकघराचं दार वाजवलं.

"काय गं? आता काय?"

"फाटक कोणकोणत्या दिवशी लावलेलं सापडलं, ते सांगाल का?"

मिसेस प्रीसनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, आणि शेजारी लिंबाच्या सरबताचा पेला. रागावलेल्या असल्या तरी पाहुण्याला कोरडं पाठवायची त्यांची रीत नव्हती. कॅलेंडरवर पाच फुल्या होत्या. नेलने त्या वहीत उतरवून घेतल्या, आभार मानले आणि पळत सुटली ती थेट गावच्या बसथांब्यावर!

हेटी आणि रूफस तिथे पोहोचले तेव्हा ती बसच्या वेळापत्रकासमोर उभी राहून हसत होती.

"बघा! गेल्या शनिवारी फुली. रविवारी फुली. त्याच्या आधीच्या शनिवारी आणि रविवारीही फुली. आणि हे वाचा."

हेटीने वाचलं. "टेकडीची बस. फक्त उन्हाळ्यात, शनिवारी आणि रविवारी. चालणाऱ्यांना माथ्यावर सोडेल, सकाळी साडेदहा... अरे! म्हणजे लोक बसने वर जातात आणि चालत खाली उतरतात! आपण सकाळी लवकर जातो, म्हणून आपली आणि त्यांची गाठच पडत नाही!"

"शिवाय आपण नेहमी खालून वर जातो. वरून त्या फाटकाकडे आपण कधी आलोच नाही. मिसेस प्रीसही नाहीत. त्या खालूनच येतात, फाटक खाली ओढून आकड्याला अडकवतात आणि परत जातात. वरच्या बाजूला काय आहे ते कुणाला माहीत!"

"नेल हॉचकिस, तू हुशार आहेस!" हेटीने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की नेल वेळापत्रकावर आपटली. "पण फुल्या पाच म्हणालीस ना? पाचवी कुठली?"

नेलच्या कपाळाला आठी पडली. "तीच जमत नाहीये. पहिल्या शनिवारच्याही आधीचा मंगळवार. मंगळवारी बस नसते."

"जाऊ दे मंगळवार!" रूफस एकदम म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "चार जमताहेत ना? चार पुष्कळ झाल्या!"

शनिवारी दहा वाजता तिघं फाटकाच्या वरच्या अंगाला नेच्यांत पालथी पडून होती. आणि आल्या आल्याच रहस्य निम्मं उलगडलं. फाटकाचा ओकचा खांब म्हणजे केवढा, दोघांनी कवेत घ्यावा एवढा! त्याच्या वरच्या बाजूला, खालून अजिबात दिसणार नाही अशी, एक चकचकीत हिरवी पाटी ठोकलेली होती. 'कृपया फाटक लावा. आदेशावरून, पायवाट स्वयंसेवक, हॉपली ग्राममंडळ.'

"मिस्टर विंडल!" हेटी कुजबुजली. "हे तर मिस्टर विंडलचं काम! पोस्टातून निवृत्त झाल्यापासून सगळ्या गावाला शिस्त लावत फिरतात ते."

"श्श! आलं कुणीतरी," रूफस म्हणाला.

आधी आल्या एक आजीबाई, दोन कुत्र्यांसह. उघडं फाटक बघून त्यांनी 'च्च' केलं, आकडा काढला, फाटक लावलं, शिवाय हलवूनही बघितलं आणि समाधानाने खाली गेल्या. त्या दिसेनाशा होताच हेटीने पळत जाऊन फाटक उघडलं. मग आला एक धावणारा तरुण. फाटकातून पुढे गेला, थबकला, पाटी आठवली असावी, वीस पावलं मागे आला आणि फाटक लावून पुन्हा धावू लागला. हेटी पुन्हा पळाली. मग एक जोडपं आलं.

"तू लावलंस का गं?"

"अय्या, मला वाटलं तू लावलंस!"

दोघंही परत आली आणि दोघांनी मिळून फाटक लावलं.

बारा वाजेपर्यंत नऊ वेळा फाटक लागलं आणि नऊ वेळा हेटीने उघडलं. दहाव्यांदा ती गवतात आडवी पडली. "माझ्याच्याने आता होत नाही! या देशात एक तरी उद्धट माणूस आहे की नाही?"

नेल मात्र हसली नाही. दहाव्यांदा तिनेच जाऊन फाटक उघडलं. "किती चांगली माणसं आहेत सगळी," ती म्हणाली. "आणि मेंढी मेली."

दुपारी तिघं मिस्टर विंडलच्या दारात उभी राहिली. मिस्टर विंडल गुलाबांना पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, निदान तसं दाखवलं तरी.

"अशक्य," ते म्हणाले. "फाटक लावायचंच असतं. मी एकट्याने सत्तावीस फाटकांना सत्तावीस पाट्या लावल्या! एकाच शुक्रवारी!"

"पण मिसेस प्रीसना विचारलंत का?" नेलने विचारलं.

"नियमाला काय विचारायचं? आणि चालणारी मंडळी कधी चुकत नाहीत. फाटकं उघडी टाकतात ते तुम्ही सायकलवाले! पाटीबद्दल तक्रार असेल तर सप्टेंबरच्या बैठकीत लेखी द्या."

सप्टेंबर! उद्या संध्याकाळी साखळी लागणार होती. ती पुढे बोलणार, तेवढ्यात हेटीने तिचा पाय दाबला.

"तुमचं बरोबर आहे, सर," हेटी म्हणाली. आवाज साखरेत घोळलेला! "क्रोबॅकचं फाटक आम्ही स्वतः कितीतरी वेळा उघडं पाहिलंय. तुम्ही उद्या साडेदहाच्या बसने वर जाऊन, चालत खाली येता का? म्हणजे तुमच्याच डोळ्यांनी दिसेल."

"येणार! वही घेऊन येणार!" मिस्टर विंडल म्हणाले.

मग मिसेस प्रीसकडे. त्यांना पटवायला नेलला अर्धा तास लागला. "पाटी असेल, नाही कोण म्हणतंय," त्या म्हणाल्या. "पण पाटी काय, तुम्हालाही वाचता येते. फाटक कोण लावतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघीन तेव्हा खरं." शेवटी कुरकुरत का होईना, पण रविवारी अकराला यायला त्या कबूल झाल्या.

रविवारी ऊन रणरणत होतं. फाटकाच्या खालच्या बाजूला, कुंपणाआड, मिसेस प्रीस बादली उपडी घालून बसल्या. शेजारी तिघं मुलं. वरच्या कुरणातल्या मेंढ्या सावली सोडून हळूहळू पाण्याकडे निघाल्या होत्या.

"दहा मिनिटं," मिसेस प्रीसनी बजावलं. "त्याच्यावर एक मिनिटही नाही."

नऊ मिनिटं झाली. नेलने डावा कान वाटेकडे केला. काठीचा टकटक आवाज! मिस्टर विंडल येत होते. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण, काखेत वही. उघडं फाटक दिसताच ते जागच्या जागी उभे राहिले.

"बघा! काय म्हणालो होतो मी? बेशिस्त!" आजूबाजूला कुणी नसताना ते मोठ्याने म्हणाले. वहीत काहीतरी खरडलं. मग फाटकातून अलीकडे आले, आकडा काढला आणि धाडकन फाटक लावलं. खिट्टी बसल्याची खात्री केली. हात झटकले.

तेवढ्यात पहिली मेंढी फाटकापाशी पोहोचली. तिच्यामागे दुसरी, मग पंधरा, मग चाळीस. सगळ्यांनी फाटकाला नाकं लावली आणि मिस्टर विंडलकडे बघून एका सुरात ओरडायला सुरुवात केली. बँऽऽ! बँऽऽ!

"ह्यांना काय झालं?" मिस्टर विंडल गोंधळून म्हणाले.

"पाणी हवंय त्यांना, मिस्टर विंडल!" कुंपणामागून मिसेस प्रीस उठल्या. मिस्टर विंडलची वही खाली पडली. "आणि पाणी इकडे आहे! तुम्ही लावलेल्या फाटकाच्या अलीकडे! गेल्या रविवारी माझी एक मेंढी याच पायी मेली. माझ्या कुरणात पाटी ठोकताना मला विचारायला तुमची जीभ झिजली असती का?"

मिस्टर विंडल फाटकाकडे बघत राहिले, मग मेंढ्यांकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते आपणहून पुढे गेले, खिट्टी काढली, फाटक ओढून आकड्याला अडकवलं. मेंढ्या त्यांच्या पायांना ढकलत डोणीकडे धावल्या. पांढरी टोपीही त्या गर्दीत तुडवली गेली, पण त्यांनी ती उचलली नाही.

"मी चांगलंच करायला गेलो होतो," ते हळूच म्हणाले. "माझं चुकलं, मिसेस प्रीस. आजच्या आज सगळ्या शेतकऱ्यांना भेटून विचारतो. आणि मुलांनो, तुमचंही ऐकायला हवं होतं मी."

मिसेस प्रीसनी घसा साफ केला. "म्हणजे सायकलींचा दोष नव्हता तर. मंगळवारचं तेवढं कोडं राहिलं. असेल कुणीतरी वाट चुकलेला. झालं गेलं..."

"तो मी होतो," रूफस म्हणाला.

मेंढ्यांचा पाणी पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

"रूफस!" हेटी दातओठ खात कुजबुजली. "कुणी विचारलं का तुला?"

"पण मीच होतो." रूफस एक पाऊल पुढे आला. "माझा पहिलाच दिवस होता. मी सगळ्यांच्या मागे राहिलो होतो. शाळेत सांगतात, शेतातलं फाटक नेहमी लावायचं. म्हणून मी लावलं. पाटीबिटी काही नव्हती तेव्हा. मग त्या मेंढीला बघितलं आणि मला बोलायची भीती वाटली. मला वाटलं, माझ्यामुळे नेलचा रस्ता जाईल." तो रडू लागला. "आता गेलाच."

नेलचा चेहरा पांढरा पडला होता. आत्ता, या क्षणी, सगळं हातात आलं होतं! एक मिनिट गप्प बसला असता तर! तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण रूफस बाहीला नाक पुसत, खाली मान घालून एकटाच उभा होता. नेल दोन पावलं चालून गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आम्ही तिघं एकत्र होतो," ती मिसेस प्रीसना म्हणाली. "मागे वळून बघायला हवं होतं आम्ही. आम्ही बघितलं नाही."

हेटीने एक मोठा उसासा टाकला आणि तीही येऊन उभी राहिली.

मिसेस प्रीस बादलीवर पुन्हा बसल्या.

"मंगळवारी मी तासाभरात फाटक उघडलं होतं," त्या रूफसला म्हणाल्या. "काही झालं नाही त्या दिवशी. त्या मेंढीचं ओझं घेऊन फिरू नकोस. ती तुझ्यामुळे नाही गेली. ऐकतोयस ना?"

रूफसने मान हलवली.

"आणि खरं सांगायचं तर माझंही चुकलंच. फाटक का उघडं आहे, हे एका फळीवर लिहून टांगायला मला काय धाड भरली होती? आमचे हे असते तर पहिल्या दिवशीच टांगलं असतं. ते गेल्यापासून माणसांशी बोलायचा कंटाळाच आला मला. साखळी लावणं सोपं वाटलं."

त्यांनी साखळी उचलली आणि मिस्टर विंडलच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. तुमच्या गुलाबांना कुंपण घाला. आणि सप्टेंबरच्या त्या बैठकीत मी येतेय म्हणून सांगा. क्रोबॅकची वाट सायकलींना कायमची खुली, असं मला लेखी द्यायचंय."

"कायमची?" नेलला आपल्या डाव्या कानावरही विश्वास बसेना.

"कायमची. पाटीचा छडा लावलात, हुशार आहात, ते झालंच. पण त्यासाठी नाही देत मी." मिसेस प्रीसनी रूफसच्या डोक्यावर हात ठेवला. "कुणी विचारलेलं नसताना या पोराने खरं सांगितलं, आणि तुम्ही दोघी त्याला एकटं सोडून पळाला नाहीत. असली मुलं माझ्या कुरणातून गेलेली मला आवडतील. माझ्या मेंढ्यांनाही आवडतील."

"खरोखर कौतुकास्पद!" मिस्टर विंडल साखळी सांभाळत म्हणाले. "मी तुमची नावं बैठकीच्या इतिवृत्तात..."

"विंडल, आधी ती पाटी काढा," मिसेस प्रीस म्हणाल्या.

नेलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदमच. तिने सायकल उचलली. मागून कुणी येतंय का हे तिला आवाजावरून कळत नसे, म्हणून ती नेहमी हेटीच्या मागून जायची. आज हेटीने तिला पुढे घातलं.

"जा गं. वाट तुझी आहे."

नेलने पेडल मारलं. फाटकातून, मेंढ्यांमधून, टेकडीच्या माथ्याकडे ती निघाली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.